तारेपल्याडचं माहेर

देगलूरचा अंगद जॉर्जियात, तिबिलिसीत आचारी होता. डॉक्टरकी शिकायला गेलेल्या आपल्याकडच्या पोरांची तिथं मेस होती. भाज्या चिरायला, भांडी आवरायला त्याच मेसमध्ये नाना नावाची मुलगी यायची. दोघांनी लग्न केलं, आणि मेस बंद पडल्यावर तो तिला घेऊन गावी आला. बसस्थानकाजवळ त्यानं खानावळ टाकली. नाना हे जॉर्जियात बायकांचं साधं नाव. पण इथं घरात थोरल्या चुलत्यांनाच सगळे नाना म्हणत, म्हणून सासूनं, सरस्वतीबाईनं, पहिल्याच दिवशी तिची नयना केली.

नयना भाकरी थापायला शिकली, अंबाडीची भाजी शिकली, तेलंगणातून येणाऱ्या गिऱ्हाइकांशी मोडकंतोडकं तेलुगूही बोलू लागली. तिचं माहेर म्हणजे डोंगराच्या पायथ्याचं एक खेडं. तिथं आई, एतेरी, एकटीच राहायची. दोन हजार आठच्या लढाईत रशियाचं सैन्य त्या भागात उतरलं आणि डोंगराकडचा मुलूख जॉर्जियाच्या हातून गेला. आधी हद्द नुसती नावाला होती. पुढं हिरव्या पाट्या लागल्या, मग काटेरी तार आली. तार एतेरीच्या परसातून गेली. घर अलीकडं राहिलं. बाग आणि नवऱ्याची कबर पलीकडं गेली.

सासऱ्यांचं, पिराजींचं, रान मदनूरच्या बाजूला होतं, तेलंगणात. नयना पहिल्यांदा त्यांच्यासोबत रानात निघाली तेव्हा वाटेत तिनं विचारलं, "मामा, हद्द कुठं हाय?"

"ती काय, मागं गेली की. पाटी न्हाई बघितली?"

"शिपाई?"

"शिपाई कशाला? इथं कोन अडवून राहिलंय?" पिराजी हसले. तिनं मागं वळून रस्त्याकडं बराच वेळ पाहिलं.

खानावळीत टीव्ही लावलेला असायचा. रोज दुपारी जेवायला येणारा सिद्धलिंग, एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर, बातम्या बघत मोठ्यानं बोलायचा. "दणका द्यावा तर रशियानंच! ह्या बारक्या देशांची औकात काय? गुमान ऱ्हायला काय होतंय?"

गल्ल्यावर बसलेले पिराजी मान हलवत. "आपल्या अडचणीत तेच धावून आले होते. दोस्त हाय आपला."

नयना ताटात भाकरी ठेवून आत निघून जाई. एकदा अंगद बापाला म्हणाला, "दादा, तिच्यासमोर नका बोलू असलं."

"अरे, मी तिला कुठं काय बोललो? मी रशियाचं बोललो."

उन्हाळ्याच्या तोंडाला झाझाचा फोन आला. झाझा तिच्या आईचा शेजारी. सकाळी रशियाचे शिपाई आले होते, त्यांनी तार उपटून खालच्या अंगाला रोवली. आता घरही पलीकडं गेलं होतं. यायचं असेल तर आत्ताच ये, मग परत फिरता यायचं नाही, असं झाझानं एतेरीला ओरडून सांगितलं. ती गाईजवळ उभी होती. मी कुठंही गेलेली नाही, ती म्हणाली, आणि घरात शिरली. तिचा फोन त्या दिवसापासून लागेना.

अंगद नयनाला घेऊन नांदेडला एका पुढाऱ्याकडं गेला. पुढाऱ्यानं चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं. "वहिनी, तुमचं दुःख कळतंय मला. पण रशियासंगं आपलं चांगलं चालू हाय. आणि तुमची आई आपल्या देशाची न्हाई. कुठल्या तोंडानं बोलू मी?"

परतीच्या गाडीत अंगद त्याला शिव्या देत होता. नयना म्हणाली, "खोटं न्हाई बोलला तो." 

सरस्वतीबाई तिला म्हणाली, "तू एकदा जाऊन ये, पोरी. लेकराला मी बघते."

"जाऊन काय करू, आत्याबाई? तारेपाशी उभी राहू?"

झाझानं एक मार्ग काढला. पावसाळ्यात एका दुपारी त्यानं तारेजवळ जाऊन व्हिडिओ कॉल लावला. खानावळीत गर्दीची वेळ होती. नयना पिठाच्या हातानं फोन धरून, लेकीला, आरतीला, कडेवर घेऊन मागच्या दारात गेली. पडद्यावर तार दिसली, गवत दिसलं, आणि लांब, घराच्या पायरीवर, काळ्या कपड्यातली आई. आई हात हलवत होती. तोंड हलताना दिसत होतं, पण फोनमध्ये नुसता वारा घोंगावत होता.

"देदा!" नयना आईला हाक मारून ओरडली. जेवणारी माणसं माना वळवून बघू लागली. "देदा, मोठ्यानं बोल!" दुसऱ्यांदा ती मराठीत ओरडली, तिच्या ते लक्षातही आलं नाही.

एतेरी दोन पायऱ्या उतरून पुढं आली. तेवढ्यात झाझा काहीतरी पुटपुटला, पडद्यावर आभाळ फिरलं, आणि फोन बंद झाला. शिपाई आले होते.

"वहिनी, भाकरी!" आतून कुणीतरी हाक मारली. ती आत गेली आणि भाकरी थापू लागली.

एतेरी थंडीत गेली. नेमकी कधी, ते कुणालाच कळलं नाही. धुराड्यातून धूर दिसेना, तेव्हा झाझानं तारेपाशी जाऊन हाका मारल्या. पुढं पलीकडची एक गाडी आली आणि तिला घेऊन गेली. कुठं पुरलं, नवऱ्याशेजारी की आणखी कुठं, तेही झाझाला सांगता आलं नाही.

सरस्वतीबाईनं चूल पेटवली नाही. दहाव्याचं काय करायचं, असं तिनं दबकत विचारलं. "काय न्हाई करायचं," नयना म्हणाली. संध्याकाळी पिराजी तिच्याजवळ येऊन बसले. बराच वेळ उपरण्याचं टोक पिळत राहिले. "पोरी, त्या लोकांनी लई..."

"मामा, तुमचं ताट वाढू का?"

पिराजी उठून बाहेर गेले. सिद्धलिंग आता टीव्ही बघताना आवाज खाली करून बोलतो, पण बोलतो तेच.

आरतीला न्हाऊ घालताना नयना आपल्या भाषेत बोलायची. पोरीला ती थोडीफार कळायला लागली होती. थंडीनंतर ते थांबलं. एके दिवशी अंगावर तांब्या ओतून घेत आरतीनं विचारलं, "आई, ह्याला तू काय म्हणायचीस? मी विसरले."

नयनानं तिच्या डोक्याला साबण लावला. "पाणी," ती म्हणाली.

"ते न्हाई. दुसरं."

"दुसरं काय न्हाई. पाणीच म्हणायचं. डोळे मीट."