डासाच्या पोटातलं लग्न

प्लेग येऊन गेला, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. पांडेसऱ्याच्या गिरणवस्तीत सरलाबाईची खाणावळ होती. जेवायला कापडाच्या लूमवरची आठ माणसं, सगळी खानदेशातली, आणि तोंडी लावायला सरलाबाईच्या थापा. तिच्या गोष्टीतला डास चिमणीएवढा असायचा आणि झोपलेल्या माणसाला उचलून पार समुद्रकाठी हजिऱ्याला नेऊन टाकायचा. ऐकणारे पोट धरधरून हसायचे न् भाकरी एक जास्त खायचे.

ओट्यावर तिचा एक पितळी डबा असायचा. कुणाला मलेरियाच्या दहा गोळ्या मिळाल्या, चार खाऊन ताप उतरला, की उरलेल्या सहा त्या डब्यात. मग ज्याला हुडहुडी भरेल त्याला त्यातल्या दोन. "एका चुलीवर जेवणाऱ्यांचं औषध वेगळं कशाला?" सरलाबाई म्हणायची, आणि सगळ्यांना पटायचं.

भादव्यात तिच्याच वाल्मिकला ताप चढला. असा, की कपाळावर भाकरी टाकली असती तर टम्म फुगली असती. पोटच्या पोराला तिनं दहाच्या दहा गोळ्या दिल्या. ताप गेला, आठवड्यानं परत आला, आणि पोरगा बरळायला लागला. तसाच रिक्षात घालून दवाखान्यात नेला.

तिथं रक्त तपासणारा रघुनाथ, धुळ्याकडचाच. सरलाबाईनं त्याचा हात धरला. "भाऊ, मन्हा पोऱ्या वाची का?"

"क्विनीनचं सलाईन लावलंय, मावशी. दोन दिवस निघाले तर वाचेल. या, बघा तरी कोण घुसलंय ते."

तिनं रक्ताच्या काचेवरच्या दुर्बिणीला डोळा लावला. जांभळ्या जांभळ्या अंगठ्या, एकेक खडा बसवलेल्या. पोराच्या रक्तात सोनारानं दुकानच मांडलं होतं.

"सगळ्या गोळ्या खाल्ल्या ना त्यानं? मग हे मरत का नाहीत?"

"खाडीचं पाणी खोलीत शिरलं तेव्हा काय केलंत?"

"पातेल्यानं उपसलं."

"हेही तेच करतात. औषध आत शिरलं की उपसून बाहेर."

"एवढंसं ते! त्याला शिकवलं कोणी?"

"कोणीच नाही. करोडोंत एखादा जन्मालाच तसा येतो. पार पूर्वेकडच्या देशांत असे निघाले म्हणतात. तिथून माणसाच्या रक्तात, डासाच्या पोटात बसून, गाव गाव करत इथवर आले. आणि मावशी, डासाच्या पोटात यांची लग्नं लागतात. नर-मादी तिथंच भेटतात. मग पोरंही उपसणारी निघतात."

सरलाबाईनं दुर्बिणीला पुन्हा डोळा लावला. जन्मभर थापा मारल्या, पण एवढी मोठी तिलाही सुचली नव्हती. डासाच्या पोटात मांडव! आणि वर खरा!

मग तिला डबा आठवला. "भाऊ, दोन-दोन गोळ्या दिल्या तर काय होतं?"

"दुबळे मरतात. उपसणारे उरतात. मग सगळं रान त्यांचंच."

संध्याकाळी ती भाकऱ्या थापायला घरी आली. पंगतीत भटू कुडकुडत बसला होता. त्यानं हात पुढे केला. "मावशी, डब्यातल्या दोन दे ना."

सरलाबाईनं दिल्या नाहीत. रघुनाथचं सगळं बोलणं सांगितलं. सुकदेव घास तोंडात ठेवून हसला. "परवा डास चिमणीएवढा, आज त्याच्या पोटात लग्न! आहेर काय केला, मावशी?"

पंगत खदखदली. सरलाबाई हसली नाही.

"मीच केला आहेर. या डब्यातून. आता वाल्मिक तिथं पडलाय." तिनं डब्याचं झाकण घट्ट लावलं. "भटू, ऊठ, रक्त तपासून घ्यायला चल. गोळ्या मिळाल्या की सगळ्या गिळायच्या. मन्हासमोर."

सुकदेवचा हात ताटातच थांबला. म्हातारीनं पदरचं काही घातलं नव्हतं. चिमणी नाही, हजिरा नाही. तेवढ्यानंच त्याला धडकी भरली. आदल्या दिवशी तापात मिळालेल्या दहा गोळ्यांतल्या उरलेल्या सहा तो डब्यात टाकायला घेऊन आला होता. दवाखान्यात सांगितलं होतं तशा त्यातल्या चार त्यानं पाण्याबरोबर गिळल्या, दोन उद्यासाठी खिशात परत ठेवल्या.

नवव्या दिवशी वाल्मिक काठी टेकत घरी आला. रघुनाथनं शेवटची काच दाखवली होती. एकसुद्धा अंगठी नव्हती.

"माय," वाल्मिक पेज पिता पिता म्हणाला, "डासाच्या पोटात खरंच लग्न लागतं?"

सरलाबाईनं इकडंतिकडं पाहिलं, पदर सावरला.

"लागतं तर! या डोळ्यांनी मुंडावळ्या पाहिल्या मी."