हरिचंदचं कुलूप

मी एक कुलूप आहे. पितळी, मुठीत मावेल एवढं. सेनगाव तालुक्यातल्या एका तांड्यावर रतनसिंगचं घर आहे, तिथं आतल्या खिळ्याला लटकतोय. मला कुणी काही विचारलेलं नाही. तरी सांगतो, कारण ज्याच्याबद्दल सांगायचं तो आता सांगायला नाही.

कारखान्यातला जन्म मला आठवत नाही. नुसती ठोकाठोक झाली असेल. मला आठवतो तो कळमनुरीचा बाजार. रतनसिंग ऊसतोडीला निघायचा होता, म्हणून त्यानं मला घेतलं. थोरला पोरगा हरिचंद बरोबर होता. त्यानं मला दाबलं आणि ओढून पाहिलं. दुकानदार म्हणाला, "बैल जुंपा ओढायला, निघणार न्हाई." हरिचंद हसला. फार चांगलं हसायचा तो.

तांड्यावर रोज कुणी दाराला कुलूप लावत नाही. कडी घातली की झालं. माणसं शेतात असली तरी समोरची शालूबाई येते, मीठ नेते, चहापत्ती ठेवून जाते. कुलूप फक्त ऊसतोडीला जाताना. उरलेलं वर्ष मी खिळ्यावर आराम करायचो.

पुढं रतनसिंगनं ऊसतोड सोडली. घरची सोयाबीन, तूर बघू लागला. मला वाटलं, माझं काम संपलं. पण हरिचंदनं मला खाली काढलं. शेतात जायचं तरी कुलूप. लावायचा, ओढायचा, थोडं चालून परत यायचा, पुन्हा ओढायचा. त्याचा तळवा ओला असायचा. मी आतून घट्ट धरून म्हणायचो, लागलोय रे बाबा, लागलोय. त्याला ऐकू जायचं नाही.

तांड्याच्या मनाला हे लागलं. एक दिवस शालूबाई तिच्या दारातून म्हणाली, "काहून रे हरिचंद, आमी चोर हाव का?"

"न्हाई काकी. तसं न्हाई."

"मंग कसं हाय?"

कसं आहे ते त्यालाच सांगता येत नव्हतं. शालूबाईचं मिठाला येणं बंद झालं. मग तांड्याच्या नायकानं रतनसिंगला बोलावून सुनावलं, "तुझ्या पोराला आपल्याच माणसांचा भरोसा न्हाई." रतनसिंग घरी येऊन पोरावर ओरडला. सगळ्यांनी त्याला अविश्वास म्हटलं. आजार कुणी म्हटलं नाही, कारण अंगात ताप नव्हता आणि पोरगं दोन माणसांचं काम करत होतं.

धाकटा दिपक एकदा वैतागला. "भाऊ, लागलंय की. दिसत न्हाई का?"

"डोळ्याला दिसतंय रे. मनाला पटत न्हाई. वाटतं, उघडं ऱ्हायलं तर याडीला कायतरी होईल." तांड्यात आईला याडी म्हणतात.

"याडी तर तुझ्या म्होरं उभी हाय."

"तेच तर. मलाबी कळतंय, येडेपणा हाय. पन ओढलं की जरा बरं वाटतं."

याडी म्हणजे अनुसयाबाई. तिनं हरिचंदशी कधी वाद घातला नाही. "तू हो म्होरं, मी बघते," म्हणायची. मला ओढायची आणि सांगायची, "लागलंय बाळा." तो तेवढ्यापुरता निवायचा. मग पुन्हा विचारायचा, पुन्हा ती सांगायची.

पोळ्याच्या आधी दोघे भाऊ जीपनं सेनगावला निघाले. वाटेतलं मी नंतर दिपकच्या तोंडून ऐकलं. अर्ध्या वाटेत हरिचंदनं जीप थांबवली आणि उतरला. दिपक म्हणाला, बस ना भाऊ. तो ऐकेना. जीपमधलं कुणीतरी म्हणालं, "चालला कुलूप बघाया," आणि माणसं हसली. हरिचंद रस्ता ओलांडत होता. मागून टेम्पो आला.

याच्यापुढचं मला सांगता येत नाही. मी लागलेलोच होतो. त्या दिवशीसुद्धा पक्का लागलेलो होतो.

मग याडी दारात बसायला लागली. शेतात जाईना. भाकरी पुढं ठेवली की कुत्र्याला टाकायची. रात्र रात्र जागायची. दार लावून मला ओढायची, आणि कुणी नसताना म्हणायची, "लागलंय बाळा." कधी म्हणायची, "आला. मला हाक मारली." तांड्यात बोलणं सुरू झालं की पोराचा जीव कुलपात अडकलाय, भगताला बोलवा, कुलूप फोडून घ्या. रतनसिंग तयार झाला. दिवस ठरला.

दिपक आडवा आला. भावाचं प्रेत आणायला तो हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात गेला होता. तिथं एका दारावरची पाटी त्यानं अक्षर लावून लावून वाचली होती, मनाच्या आजारांची. बाहेर आपल्यासारखीच माणसं डबे घेऊन बसलेली.

"ती काय येडी हाय का, तिथं न्यायला?" रतनसिंग म्हणाला.

"बा, ती जेवत न्हाई. एक गेला. दुसरी बी जाऊ द्यायची का?"

रतनसिंगनं भगताला येऊ नको म्हणून कळवलं. पण याडीच हलेना. "मी आले तर घर कोन बघंल? हरीनं मला सांगून ठेवलंय."

दिपकला समजवायचं जमत नाही. त्याचं डोकं आधी तापतं. त्यानं किल्ली फिरवली, मला कडीतून उपटलं आणि याडीच्या हातात कोंबलं. "घे. आता लावायला कुलूपच न्हाई. हातात धर आन् चल."

दार सताड उघडं. याडी परत दाराकडं वळली. तेवढ्यात समोरून शालूबाई आली आणि उंबऱ्यावर मांडी घालून बसली. "जा बाई. तू येईस्तोवर मी उठत न्हाई."

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी आधी याडीच्या मुठीकडं पाहिलं. काय आहे, असं विचारलं. याडीनं मला टेबलावर ठेवलं.

दिपक म्हणाला, "मशीनमध्ये घालून बघा म्याडम. पैशे लागले तर देतो."

"मनाचा आजार मशीनमध्ये दिसत नाही रे. रक्त तपासू, पण ते दुसरं काही दुखणं नाही ना, एवढं बघायला. बाकी तपासणी बोलण्यातूनच होते. आई, झोप कशी आहे?"

त्या विचारत राहिल्या. भूक, काम, कशात मन लागतं का, हे कधीपासून. याडी एकेक शब्द टाकत होती. मग डॉक्टरबाईंनी आवाज न बदलता विचारलं, "आई, जगू नये असं वाटतं का? स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का?"

दिपक उठून उभाच राहिला. त्याला वाटलं, असं विचारायचं असतं का.

याडी म्हणाली, "हिरीवर जाते. त्येच्याकडं जावं वाटतं." आणि रडली. हरिचंद गेल्यापासून तिचं पहिलं रडणं ते. माणसं म्हणत होती, बाई दगड झाली.

डॉक्टरबाईंनी सांगितलं ते मी टेबलावरून ऐकलं. गेलेल्या लेकराची हाक ऐकू येणं हे वेड नव्हे, दुःखात पुष्कळांना तसं होतं. पण जेवण, झोप, काम सगळं सुटलं, मरावं वाटतं, आणि हे दिवसेंदिवस तसंच आहे, तर ते नुसतं दुःख नाही. त्यावर नैराश्याचा आजार बसलाय. त्याला गोळ्या आहेत, बोलून उपचार आहेत. वेळ लागेल. तोवर हिला एकटं सोडू नका.

मग दिपकनं माझ्याकडं बोट केलं आणि भावाचं सांगितलं.

"त्याला कळत होतं का, की कुलूप लागलंय?"

"व्हय. म्हणायचा, कळतंय पन मन मानत न्हाई."

डॉक्टरबाई म्हणाल्या, "मी त्याला पाहिलेलं नाही, म्हणून ठाम सांगत नाही. पण मनात नको तो विचार घुसतो, कळत असून जात नाही, आणि तो शमवायला माणूस तीच गोष्ट पुन्हा पुन्हा करतो, असा एक आजार आहे. पुष्कळांना असतो. उपचारानं बराच आटोक्यात येतो."

"म्हणजे तो आजारी व्हता?"

"बहुतेक."

दिपकनं मला उचललं. इतकं घट्ट दाबलं की किल्लीचं भोक त्याच्या तळव्यावर उमटलं.

येताना रस्त्यात नदी लागली, तेव्हा त्यानं मला फेकायला हात उचलला. याडीनं मनगट धरलं. "ऱ्हाऊ दे. त्येचा हात लागलाय."

म्हणून मी आहे. तुमच्या घरातही कुणी कडी, गॅस, मोटार पुन्हा पुन्हा बघत असेल, हात धूत सुटत असेल, तर हसू नका. ओरडू नका. जवळ बसा, काय वाटतं ते विचारा, आणि त्याला घेऊन जा. जिवंत असताना घेऊन जा.

आज याडीला पुन्हा तपासणीला जायचं होतं. सकाळी तिनं अर्धी भाकरी खाल्ली. मला खिळ्यावरून काढलं, हातात धरलं, परत अडकवलं. बाहेरून नुसती कडी घातली. मग तिची पावलं लांब गेली, थांबली आणि परत आली. दारावर हात टेकल्याचा आवाज आला. मी श्वास रोखला.

"याडी, जीप थांबलीया," दिपक लांबून म्हणाला.

"आले," ती म्हणाली. आणि दाराशी तोंड नेऊन हळूच, "जाते रे हरी."

समोरून शालूबाई ओरडली, "अनुसये, मीठ न्हेऊ का गं?"

"न्हे की," याडी म्हणाली. "उघडंच हाय."