केळं चालतं, भजी चालत नाहीत

दिल्लीच्या मयूर विहारमधल्या एका सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर, दोन मराठी घरांची दारं समोरासमोर आहेत. एका दारात विश्वनाथ आणि प्रमोदिनी, दुसऱ्यात रावसाहेब आणि चंदा. दोघे पुरुष एकाच मंत्रालयात, सकाळी एकाच मेट्रोने जाणारे. चंदाचीही सरकारी नोकरी. शनिवारी दुपारी मात्र ती घरी असे आणि केळ्याची भजी तळत असे. पिकून डाग पडलेली केळी, तांदळाचं पीठ, थोडा रवा, वेलदोडा, चिमूटभर मीठ. त्यातला एक डबा समोरच्या दारी जायचा.

प्रमोदिनीबाई डबा हसून घ्यायच्या, कशाला गं एवढा त्रास, म्हणायच्या. मग दार लागलं की तोच डबा विश्वनाथांच्या हाती गेटवरच्या पहारेकऱ्याकडे, पांडेजींकडे, रवाना व्हायचा. जिन्यात विश्वनाथ त्यातलं एक भजं गुपचूप तोंडात टाकत. घरात मात्र याविषयी त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही. डबा घासून, रिकामा देऊ नये म्हणून त्यात साखर घालून परत जायचा. असं सहा वर्षं चाललं होतं.

चंदाच्या बैठकीत बुद्धाची तसबीर आहे. ती पहिल्याच दिवशी पाहून प्रमोदिनीबाईंनी मनाशी काय ते ठरवून टाकलं होतं. बोलायला त्या गोडच होत्या. चंदानं गावाहून आणलेली संत्री त्या आवडीनं खात, तिची केळीही घेत. फळाला काही नसतं, असं त्यांच्या आईनं शिकवलं होतं. मग भज्यांना काय असतं, हे त्यांनी आईला कधी विचारलं नव्हतं, आणि स्वतःला तर नाहीच नाही.

यंदा ऑक्टोबरात त्यांना डेंग्यू झाला. ताप उतरला, पण जिभेची चव गेली ती गेलीच. वरणभात असो की शिरा, तोंडात घातलं की कागद चावल्यासारखं वाटे. डॉक्टर म्हणाले, खाल्लं नाहीत तर इस्पितळात भरती व्हावं लागेल. विश्वनाथ समोर ताट धरून बसत आणि दोन घासांनंतर ताट तसंच परत नेत. चंदा रोज संध्याकाळी डोकावून जाई, पपई, डाळिंब, केळी ठेवून जाई. फक्त फळं. शनिवार येऊन गेले, पण डबा काही आला नाही.

अशाच एका शनिवारी दुपारी प्रमोदिनीबाई बाल्कनीत उन्हात पडल्या होत्या. खाली सातवीण फुलली होती. तिचा जड, गोड वास वर येत होता. लांबून मेट्रो जाई आणि तिचा आवाज विरून जाई. डोळे मिटले, की उघडेच होते, त्यांना कळेना. सरोजिनी नगरातलं लहानपणीचं क्वार्टर दिसू लागलं. खिडकीत पोपट, फ्रॉकच्या खिशात चिंचोके, आणि स्वयंपाकघरात तेलाचा संथ आवाज. कुणीतरी त्यांच्या पुढ्यात बशी सरकवली. बशीत केळ्याची भजी, कडेनं कुरकुरीत, सोनेरी. त्यांनी एक उचललं, खाल्लं. गोड लागलं! किती दिवसांनी काहीतरी गोड लागलं होतं. बशी धरलेला हात त्यांनी नीट पाहिला, मनगटाजवळ तेल उडून पडलेला छोटा डाग होता. आईच असणार, असं समजून त्यांनी आनंदानं मान वर केली. समोर चंदा उभी होती.

जाग आली तेव्हा तोंडाला पाणी सुटलं होतं आणि घरात भज्यांचा घमघमाट होता. समोरच्या घरातूनच येत होता. प्रमोदिनीबाई उठल्या. महिनाभरात प्रथमच भिंतीला धरत उंबरा ओलांडून गेल्या आणि त्यांनी चंदाचं दार वाजवलं.

चंदाच्या हातात झारा होता. तिनं त्यांना धरून आत आणलं, ओट्याजवळच्या खुर्चीत बसवलं. प्रमोदिनीबाईंनी लाजत विचारलं, की हल्ली डबा का येत नाही.

"हल्ली तो थेट गेटवर जातो, ताई," चंदा कढईकडे बघत म्हणाली. "मधे तुमच्या घरी थांबायची काय गरज?"

पांडेजींनी पहिल्याच महिन्यात चंदाला गेटवर थांबवून भजी बिल्कुल घरासारखी होती म्हणून आभार मानले होते. तेव्हापासून तिला सगळं माहीत होतं. तरी ती डबा देत राहिली. एखाद्या शनिवारी तरी तो समोरच्या घरात उघडेल, असं तिला वाटायचं. यंदा मात्र तिनं ती वाट बघणं सोडलं होतं.

"केळी घेता, भजी घेत नाही," ती शांतपणे म्हणाली. "केळं तेच आहे हो, ताई. सालीला माझा हात लागला तर ती सोलून टाकता येते. भज्याला लागलेला हात सोलता येत नाही, एवढाच काय तो फरक."

आजवर आपण हिला एक वाकडा शब्द बोललो नाही, याचाच प्रमोदिनीबाईंना केवढा अभिमान होता! त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. चुकलं माझं, एवढंच त्या म्हणाल्या.

"सहा वर्षं थोडी नसतात," चंदा म्हणाली. "मी लगेच विसरेन असं नाही. आणि डबा आता देणार नाही. इथं बसून खाणार असाल तर वाढते."

तिनं बशी पुढे केली. मनगटाजवळ डाग होता. प्रमोदिनीबाईंनी गरम भजं तसंच तोंडात घातलं. जीभ पोळली, डोळे मिटले, आणि वेलदोड्याची चव लागली. त्यांनी चार भजी खाल्ली. चंदानं पाचवं न विचारता वाढलं.

पुढच्या शनिवारी प्रमोदिनीबाईंनी स्वतः केळी चिरली, पीठ भिजवलं, भजी तळली. डबा घेऊन त्या समोरच्या दारी गेल्या. घंटी वाजवली आणि एकाएकी त्यांच्या मनात आलं. ही खाईल, की हसून घेईल आणि खाली पाठवील? देणाऱ्याला कसं वाटतं, हे त्यांना त्या दारात उभं राहिल्यावर कळलं.

चंदानं दारातच डबा उघडला, एक भजं उचलून खाल्लं आणि म्हणाली, "वेलदोडा कमी पडलाय."

मित्रहो, आपण कुणाला घालूनपाडून बोलत नाही, म्हणजे आपल्या घरातून जात गेली असं आपल्याला वाटतं. ती जात नाही. ती गोड हसून डबा घेते आणि दार लावते. तेव्हा शेजारून आलेल्या डब्याचं झाकण आपल्या घरात उघडतं की नाही, एवढं प्रत्येकानं आपापल्या ओट्यापाशी उभं राहून बघावं.