प्रयोगशाळेतला काळा पडदा

दिवसाउजेडी पडदे ओढून बसलेले मला खपत नाही. मी खोलीत शिरले की आधी पडदा सरतो, मग माणसे उठतात. हीच सवय घेऊन मी सूनबाईच्या प्रयोगशाळेत गेले.

सूनबाई तेथे उजेडाचा वेग कमी करते. "स्वयंपाकात सराव झालाच आहे," असे मी चारचौघांत म्हटले होते. त्या दुपारी टेलिफोन कंपनीचे लोक येणार होते. त्यांना प्रयोग पटला, तरच तिचा विभाग पुढे चालणार होता. मीही येते, असे मी तिला कळवले, विचारले नाही.

"आई, तारांमधून निरोप उजेडावर बसून जातात," ती म्हणाली. "पुढे गर्दी झाली, तर उजेडाला थांब म्हणता येत नाही. तोच सावकाश केला, तर निरोप क्षणभर वाटेतच रोखून धरता येतील."

"म्हणजे आतले पाहुणे उठेपर्यंत बाहेरच्यांना दारात बोलण्यात गुंतवायचे."

"अगदी तसंच. हे मी त्यांना सांगू?"

मी सुखावले. ती तिच्या विभागाच्या साहेबांना बोलवायला गेली. खिडकीवर जाड काळा पडदा होता. मी तो सरकवला. टेबलावर ऊन पडले आणि संगणकावरची नाचती रेघ सपाट झाली.

सूनबाई धावत आली. अंधुक उजेड टिपणारे नाजूक यंत्र चालू होते. त्याला ऊन सोसत नाही. ते जळाले होते आणि दुसरे नव्हते.

"पडदा कोणी उघडला?" मागोमाग आलेल्या साहेबांनी विचारले.

"मीच, सर. घाईत भान राहिलं नाही."

"इतकी वर्षं काम करून?"

घरात कोणाचे खोटे खपवून न घेणारी मी, माझ्यासाठी बोललेले खोटे निमूट गिळले.

पाहुणे आले. सपाट रेघेसमोर उभी राहून सूनबाईने त्यांना दारात खोळंबलेल्या पाहुण्यांचा दाखला दिला. कोणी हसले नाही. एकाने घड्याळ पाहिले.

"पडदा मी उघडला," मी म्हणाले. "तिने नव्हे. कोणाला न विचारता उघडला."

सगळे वळून पाहू लागले. साहेब हळूच म्हणाले, "आजी, तुम्ही जरा बाहेर बसता का?"

मला आजवर कोणी असे उठवले नव्हते. मी उठले.

थोड्याच वेळात पाहुणे बाहेर पडले. पुन्हा येण्याचे कोणी बोलले नाही. सूनबाई शेवटी आली, पर्स खांद्याला लावून.

"आई, निघू या?"

"तू म्हणशील तेव्हा," मी म्हणाले, खाली फरशीकडे पाहत.