बेस आहे, द्या बांधून

मी एक जुना अॅम्प्लिफायर आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवतो, मला स्वस्थ बसता येत नाही. आत्तासुद्धा मला टेम्पोत मागच्या बाजूला दोरीनं आवळून ठेवलंय. पुढे सतरंज्यांची वळकटी, शेजारी संबळ, आणि गाडी काही जागची हलत नाही. ड्रायव्हर चहाला गेलाय. माणसांना एक कप चहा प्यायला इतका वेळ का लागतो, हे कोडं मला जन्मात सुटलेलं नाही. तर तो येईपर्यंत माझी गोष्ट ऐका.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमधला. जाड लाकडी खोका, पुढे जाळी, जाळीमागे परातीएवढा स्पीकर आणि कपाळावर बटणांची रांग. मला जोडणाऱ्या कारागिरानं माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "हा जमीन हलवणार!" झालं, त्या दिवसापासून मला जमीन हलवायची घाई लागली. आता माझं काम काय, तेही समजून घ्या. मी बेस गिटारचा अॅम्प. बेस गिटारला चार जाड तारा असतात आणि ती गाण्याच्या तळातून चालते. वर गाणारा गातो, त्याच्या पायाखालचा सूर ती धरून ठेवते. तो आवाज मोठा करून मैदानभर पोचवायचा, एवढंच माझं काम.

पण मला विकत घेतलं ते असलं काही माहीत नसलेल्या माणसानं. भागवत हा जळकोटजवळच्या वस्तीवरचा शेतकरी आणि तिथल्या आराधी मंडळाचा म्होरक्या. त्याची थोरली बहीण तारामती देवीची गाणी म्हणायची, मागं संबळ, तुणतुणं आणि झांजा. जत्रांमध्ये डीजे आले, गर्दी वाढली, तेव्हा बहिणीचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत जावा म्हणून भागवत सोलापूरच्या एका दुकानात आला. माझ्यासमोर उभा राहिला आणि त्यानं विचारलं, "ह्यो कसा हाय?"

दुकानदार म्हणाला, "हा बेस आहे."

"बेस हाय न्हवं? मग द्या बांधून."

मित्रांनो, आमच्याकडं बेस म्हणजे चांगलं. लग्न बेस झालं, आमटी बेस झाली, पाऊस बेस पडला. दुकानदारानं एक सांगितलं, भागवतानं दुसरं ऐकलं, आणि दोघंही खूश झाले. मी मात्र मधल्यामध्ये जळकोटला जाऊन पोचलो.

पहिल्याच दिवशी वस्तीवरची सगळी मंडळी अंगणात जमली. तारामतीनं पदर कमरेला खोचला, माइक हातात घेतला आणि देवीला हाळी दिली. मी अंगात होतं नव्हतं ते सगळं बळ लावलं. पण माझा गळाच जाड. तिचा आवाज तोंडाला फडकं बांधल्यासारखा बाहेर आला.

"आता गं बया! माझा आवाज रांजणात पडला व्हय रं भागवता?" तारामती म्हणाली.

"दुकानदार बेस म्हणला की, अक्का!"

सगळं अंगण हसलं. त्या दिवसापासून वस्तीवर काहीही बिघडलं, भाकरी करपली, म्हैस आटली, की लोक म्हणायचे, 'भागवताचा बेस झाला.' मला ते फार लागायचं.

पुढं एका देवळात कार्यक्रम होता. तिथल्या बोर्डाला भोकं दोनच, आणि माझ्या पिनेला पाय तीन. भागवतानं पक्कड मागवली आणि तिसरा, सगळ्यात जाड पाय कडकन मोडून टाकला. "दोनावर चालतंय की. तिसरा कशाला पायजे?" तो म्हणाला. चालतं, हे खरं. पण तो तिसरा पाय जमिनीचा असतो, मित्रांनो. त्याच्याच जोरावर आम्ही विजेची पोरं मातीला धरून राहतो. तो गेला आणि माझ्या पोटात घूं सुरू झालं. गाणं असो नसो, मी आपला घूं, घूं, घूं. गप्प बसावं असं मनात किती आलं तरी बसता येईना. भागवत म्हणाला, "ह्याला आता घरघर लागलीया." मला गोठ्याशेजारच्या खोलीत ढकलून दिलं.

तिथं माझ्या डोक्यावर ज्वारीचं पोतं आलं. पाठीमागच्या मोकळ्या कप्प्यात एक खुडूक कोंबडी येऊन बसली. ती दिवसच्या दिवस तशीच बसून राहायची आणि मला तिचा भयंकर हेवा वाटायचा. तिची पिल्लं निघाली, मोठी झाली, अंगण उकरत फिरली. मी होतो तिथंच होतो.

मग एक दिवस प्रतीक्षा गिटार घेऊन घरी आली. प्रतीक्षा ही भागवताची लेक. सोलापूरला कॉलेजात असताना ती बेस गिटार शिकली होती, आणि आता तुळजापूरला एका लॉजच्या काउंटरवर कामाला होती. तिची गिटार बघून भागवत म्हणाला, "चारच तारा? बाकीच्या दोन कुठं सांडल्या?"

"अण्णा, थट्टा नंतर करा. मला मंडळात वाजवायचंय. आत्यांच्या मागं."

भागवताचा चेहरा उतरला. कारण तारामतीचं गाणं बिनसलं होतं. उंच स्वरावर गेली की तिचा आवाज घसरायचा, कधी वर, कधी खाली. लोक उठून जायला लागले होते. भागवतानं मनाशी ठरवलं होतं की आता पेन ड्राइव्हवरची गाणी लावायची आणि अक्कानं नुसती झांज धरायची. हे तिला सांगायची त्याची छाती होत नव्हती. तिला मात्र ते कळलं होतं. ती गोठ्यात येऊन, कुणी बघत नाही असं बघून, म्हशीपुढं एकटीच गायची. मी भिंतीपलीकडून ऐकायचो आणि पोत्याखाली तडफडायचो.

"आत्यांचा आवाज गेलेला न्हाई, अण्णा," प्रतीक्षा म्हणाली. "डीजेच्या दणक्यात त्यांना तुणतुणं ऐकू येत न्हाई. खालचा सूर सापडला तर त्या घसरणार न्हाईत."

भागवतानं तंबाखू मळून तोंडात टाकली. "माकणीच्या जत्रंपोतर बघू. तिथं जमलं तर अक्का गाईल. न्हाय जमलं तर पेन ड्राइव्ह. मग माझ्यासंगं भांडायचं न्हाय."

प्रतीक्षानं आधी मलाच बाहेर काढलं. माझा आनंद काय सांगू! पण बटण दाबलं आणि घूं. तिनं तारेवर बोट ठेवलं, माइकमध्ये बोलायला वाकली, ओठ माइकला लागला आणि तिला असा झटका बसला की ती किंचाळलीच. मला पुन्हा आत ढकललं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग तिनं मैत्रिणीकडून एक छोटा अॅम्प आणला. नवाकोरा, एका हातानं उचलावा असा, तोंडावर निळे दिवे. अंगणात तो असा गोड बोलला की सगळे माना डोलवायला लागले. जळकोटला एका जावळाच्या कार्यक्रमात त्याला नेलं, आणि मलाही नेलं. कशाला? तर त्याला ठेवायला स्टूल पाहिजे होतं! चिंचेखाली मोकळं रान, वारा सुटलेला, पोरांचा दंगा. त्याचा आवाज पहिल्या सतरंजीपुढं गेलाच नाही. घरातला वाघ रानात मांजर झाला. तारामती दोनदा मागं वळून बघत राहिली आणि तिसऱ्या कडव्याला घसरली. मी त्याच्याखाली दाबलेला, मुका.

पुढच्या कार्यक्रमाला मंडपवाले हिंमतराव म्हणाले, "ताई, तुझी गिटार माझ्या खोक्यांत सोड. पोटातलं पाणी हलवतो बघ." त्यांची खोकी म्हणजे भिंतच. त्यांनी पाणी हलवलंच. पत्रे थडथडले, हळदीचं ताट सरकलं, म्हाताऱ्यांनी छातीवर हात धरले. संबळाचा जाड आवाज त्यात बुडून गेला, आणि कुठला सूर कुठला, काही समजेना. तारामती मध्येच थांबली. माइक तसाच खाली ठेवून ती मंडपाबाहेर निघून गेली.

कार्यक्रम संपल्यावर प्रतीक्षा माझ्यावर येऊन बसली. मी अजून स्टूलच होतो. ती रडत नव्हती, पण नखानं माझी जाळी खरवडत होती. छोटा पुरत नाही, मोठा बुडवतो, आणि माकणीची जत्रा तोंडावर आलेली. माझी वायर तिच्या पायाशी लोळत होती. तिनं चाळा म्हणून ती उचलली, पिन हातात घेतली आणि एकदम उठून उभी राहिली.

"अण्णा, ह्याचा तिसरा पाय कुणी मोडला?"

भागवतानं मंडपाच्या छताकडं बघितलं. "बोर्डाला भोकं दोनच हुती."

"म्हणून ह्याला घरघर लागली, अण्णा! अर्थिंगच न्हाई त्याला. मला शॉक बसला तो त्यामुळंच."

भागवतानं मोडक्या पिनेवरून बोट फिरवलं. दुसऱ्या दिवशी तो तुळजापूरला जाऊन स्वतःच नवी पिन घेऊन आला. तीन पायांची.

माकणीला आम्ही दुपार कलताना पोचलो. धरणावरून वारा येत होता. देवळाच्या भिंतीवर बोर्ड, त्याला भोकंही तीन. मी मनात म्हणालो, आता बघाच. प्रतीक्षानं बटण दाबलं आणि माझ्या पोटातून, काय सांगू मित्रांनो, पुन्हा तेच घूं!

लोक बसलेले. तारामती मळवट भरून, कवड्यांची माळ घालून उभी. हिंमतराव ओरडले, "भागवतराव, तो डबा बाजूला सारा अन् पेन ड्राइव्ह द्या!" भागवताचा हात खिशाकडं गेला. तारामतीनं ते बघितलं. तिनं माइक त्याच्यापुढं धरला, जणू घे बाबा, झालं माझं. प्रतीक्षा भराभर माझी वायर तपासत होती.

भागवतानं माइक घेतला नाही. तो बोर्डाखाली जाऊन वाकला. तिथं अर्थिंगचा खड्डा होता, म्हणजे तिसऱ्या पायाची तार मातीत उतरते ती जागा; उन्हानं भेगाळलेली ती कोरडी माती वीज धरेना. शेतातल्या मोटारीची पेटी झिणझिण्या द्यायला लागली की शेतकरी काय करतो? भागवतानं हौदातनं घागर भरून आणली आणि त्या खड्ड्यात ओतली. पुन्हा एक. लोक हसायला लागले. "भागवतराव, झाड लावलंय काय?" कुणीतरी म्हणालं. तो घागरी ओततच राहिला. वाळलेली माती पाणी पीत राहिली.

आणि माझं घूं थांबलं.

मी घाबरलो. वाटलं, मेलो. इतक्या वर्षांत मी माझ्या पोटातली शांतता विसरूनच गेलो होतो. मग प्रतीक्षानं माझ्या कपाळावरचं बेसचं बटण मागं फिरवलं आणि मधल्या सुरांचं पुढं सरकवलं.

"बेस कमी करायलीस?" हिंमतराव म्हणाले. "बेसच तर पायजे पब्लिकला!"

"तळाची जागा संबळाची हाय, काका. मला आत्यांच्या कानात जायचंय, लोकांच्या पोटात न्हाई."

तिनं तार छेडली. सूर माझ्यातून स्वच्छ, गोल निघाला, मैदानाच्या कडेच्या गाड्यांपर्यंत गेला. संबळ वाजत होता आणि ऐकू येत होता. तारामतीनं मागं वळून बघितलं नाही. तिनं डोळे मिटले, 'आई राजा उदो उदो' म्हणून हाळी दिली आणि वर चढली. नेहमीच्या जागी तिचा आवाज डगमगला. मी खाली होतोच. तिनं मला ऐकलं, क्षणभर थांबली, त्या सुरावर पाय रोवला आणि पुढं गेली. असा लांब, असा भरघोस स्वर, की उठायला निघालेली माणसं पुन्हा बसली. जमीन काही हलली नाही, मित्रांनो. जमीन हलवायची नसतेच, ती गाणाऱ्याच्या पायाखाली धरून ठेवायची असते. मला हे कळायला एवढी वर्षं लागली.

"कसं काय, भागवतराव?" हिंमतरावांनी विचारलं.

भागवतानं टोपीनं डोळे पुसले. "बेस," तो म्हणाला. या खेपेला कुणी हसलं नाही.

तो पेन ड्राइव्ह सदऱ्याच्या खिशातच राहिला आणि धुण्यात गेला, असं ऐकतो. तारामती अजून गाते, मी अजून फिरतो. तेव्हा माझं एवढं ऐका. घरात, वर्गात, गोठ्यात कुणी सारखं कुरकुरत असेल, घरघरत असेल, तर त्याला लगेच अडगळीत टाकू नका. आधी त्याची पिन बघा. दोनावर चालतंय म्हणून कुणाचा तिसरा पाय मोडू नका. आणि मोडला असेल, तर नवा बसवा आणि वर घागरभर पाणी घाला. हसणारे हसतील.

आला एकदाचा ड्रायव्हर! भागवत मागं आलाय. माझी पिन त्यानं रुमालात गुंडाळली, दोरी ओढून बघितली. पुढून तारामती ओरडतेय, "माझा बेस बांधला का रं, भागवता?"

"बांधलाय, अक्का. बेस बांधलाय."

चला, आता निघा लवकर.