न आवरलेलं दस्तरखान

कुबातने येण्याआधी फोन केला, तिथेच चुकलं. शहरात कुणाकडे जायचं तर फोन करणं हा शिष्टाचार; तेरेक-बुलाकमध्ये त्याचा अर्थ मेंढा. तो बुरुलचा नावाच्या आपल्या जेंगेच्या, म्हणजे वहिनीच्या, अंगणात पोचला तेव्हा कातडं कुंपणावर पडलं होतं, कढई चुलीवर चढली होती आणि शेजारचा सातिम, ज्याने मेंढा कापून दिला होता, बादलीत हात धूत होता.

"अरे, मी फक्त बोलायला आलो होतो," कुबात म्हणाला.

"मग बोल की. मेंढा काय मध्ये बोलणार आहे?" सातिम म्हणाला. "तिच्या कळपातला हाच त्यातल्या त्यात बरा होता. बाकीच्यांचं काय करायचं ते आता तुमचा कुरणाचा आराखडा बघेल."

कुबात माफी मागायला आला होता. आता त्या माफीला एक मेंढा लागला होता, आणि तोही तिचाच.

बुरुलचा म्हणजे त्याच्या थोरल्या चुलतभावाची बायको, म्हणून जेंगे. भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली, मुली लग्न होऊन दूर गेल्या. सासरच्या माणसाचं नाव तोंडाने घ्यायचं नसतं, म्हणून कुबात शाळेत जाणारं पोर असतानाच तिने त्याला 'मिर्झा' ठरवून टाकलं होतं. आता तो पन्नाशीला टेकला होता, कपाळ डोक्याच्या मध्यापर्यंत पोचलं होतं, तरी तिच्या लेखी तो मिर्झाच.

"या मिर्झा, वर बसा. दारात काय उभे राहिलात वसुलीला आल्यासारखे?"

तो दारासमोरच्या मानाच्या जागी बसला. समोर भिंतीवर त्याच्याच कार्यालयाने छापलेलं नव्या वर्षाचं कॅलेंडर होतं. त्यावर बुरुलचाचा मोठा फोटो: डोकीला रुमाल, दोन्ही तळवे आभाळाकडे उघडे. खाली हिरव्या अक्षरांत, 'खोऱ्याचा निर्णय, खोऱ्यातल्या माणसांचा.'

"मुली म्हणाल्या, आई, फोटो फार छान आलाय," ती म्हणाली. "कागदही चांगला आहे हो. चुलीजवळ असून वाकडा झाला नाही."

कुबातने चहाच्या वाटीत तोंड घातलं. वाटी अर्धीच भरलेली होती. पाहुण्याने बसावं अशी इच्छा असली की अर्धी भरतात. काठोकाठ भरली की समजायचं, आता उठा.

तो फोटो जूनमधला. शाळेच्या सभागृहात लोकसहभागाची सभा झाली होती आणि कुबात होता लोकसहभाग समन्वयक. म्हणजे आराखडा आधी तयार व्हायचा, आणि तो आपणच सुचवला असं लोकांना वाटायला लावणं, एवढं त्याचं काम. त्याने रंगीत चिठ्ठ्या आणल्या होत्या. हिरवी म्हणजे पसंत, पिवळी म्हणजे विचार करू. लाल चिठ्ठ्या त्याच्या वरिष्ठ रोझा एरकिनोव्नांनी आणू दिल्या नव्हत्या. लाल रंगाने वातावरण बिघडतं म्हणे. विषय होता गावालगतचं कुरण. गवत पार झिजलं होतं, त्यात खोटं काही नव्हतं. त्याला तीन वर्षं विश्रांती द्यायची, सगळे कळप वर डोंगरातल्या जायलूवर, म्हणजे उन्हाळी कुरणावर, न्यायचे. पण जूनमध्ये कळपवाले जायलूवरच असतात. तेव्हा कुरणाविषयी ठरवायला म्हातारे होते, शिक्षक होते आणि चहा करायला आलेल्या बायका होत्या.

बुरुलचा दाराशी चहाच्या सामोवारजवळ बसली होती. सभा संपत आली तेव्हा तिने हात वर केला. शाळेतल्या मुलीसारखा, कोपर दुसऱ्या हाताने धरून. कुबातने तो पाहिला. त्याच वेळी रोझा एरकिनोव्नांनी घड्याळाकडे पाहिलं आणि मागच्या खोलीतून रश्शाचा वास आला. कुबातने जुमाकादिर आतांकडे ('आता' म्हणजे आजोबा), गावातल्या सगळ्यांत पांढऱ्या दाढीकडे, नजर टाकली आणि मांडीवरचे आपले तळवे जरासे वर वळवले. एवढंच. म्हाताऱ्याला कळलं. त्याने हात उघडले आणि दुवा सुरू केली.

दुवा सुरू झाली की सगळ्यांनी हात उघडायचे, शेवटी 'ओमीन' म्हणून तोंडावरून फिरवायचे. मग विषय संपला. त्यानंतर बोलणं म्हणजे जनाजा उठल्यावर नाडी बघणं. बुरुलचाचा वर गेलेला हात क्षणभर तसाच राहिला. त्याला जायला जागाच नव्हती. मग तो खाली आला, दुसऱ्या हाताशेजारी उघडला, आणि फोटोवाल्याला तोच क्षण आवडला.

रोझा एरकिनोव्ना राजधानीत वाढलेल्या. त्यांना वाटलं, प्रार्थना चालली आहे. त्यांना अज्ञानाची सोय होती. कुबातला ती नव्हती.

दस्तरखानावर, म्हणजे जमिनीवर अंथरलेल्या जेवणाच्या कापडावर, मांस आलं. मेंढ्याचं डोकं, मानाचं म्हणून, त्याच्या पुढ्यात ठेवलं गेलं. नको म्हणावं तर तिचा अपमान, आणि खावं तर तिचाच मेंढा. त्याने खाल्लं. चांगलं शिजलं होतं, ही आणखी एक अडचण.

"जेंगे," तो शेवटी म्हणाला, "त्या दिवशी तुम्ही हात वर केला होता."

"केला असेल. खांदा दुखतो माझा."

"मी पाहिला होता."

बुरुलचाने हाडं एका ताटलीत गोळा केली. "माहितेय. तुम्ही पाहिलंत, ते मीही पाहिलं."

कुबातला वाटलं, तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्यांना उत्तर देता येतं.

"काय म्हणायचं होतं तुम्हाला?"

"आता काय त्याचं. दुवा झाली." तिने फडक्याला हात पुसले. "चला मिर्झा, इथलीही म्हणा. घरात पुरुष तुम्हीच. दुवेशिवाय दस्तरखान आवरता येत नाही मला."

त्याने गुडघ्यांवरचे हात उचलले नाहीत.

"विसरलात का शहरात राहून?"

"आधी तुम्ही बोला."

"काय हट्ट हा, लहानपणीसारखा." ती थोडा वेळ कॅलेंडरकडे बघत राहिली, जणू तिथली बाई काही सुचवेल. "विचारायचं होतं की कुरण बंद झाल्यावर माझ्या मेंढ्या वर कोण नेणार? मला काही घोड्यावर बसून चढवत नाही आता. बस, एवढंच. म्हटलं शिकलेली माणसं आहेत, ठरवलं असेल काहीतरी."

काहीही ठरवलं नव्हतं. आराखड्यात गवताची मुळं किती खोल जातात याची आकृती होती, बारा रंगांत. मेंढ्या कोण नेणार, हे नव्हतं. तिने विचारलं, आता हात उघडायला हरकत नव्हती. पण उत्तर न देता दुवा म्हणायची, हे त्याने एकदा केलं होतं. तो उठला, "नंतर म्हणतो," असं काहीतरी पुटपुटला आणि निघाला. जेवलेला पाहुणा दुवा न देता उठल्याचं त्या गावाने कधी पाहिलं नव्हतं. बुरुलचा दस्तरखानाचं टोक हातात धरून तशीच बसली होती.

पुढे ही गोष्ट तत्त्वाची म्हणून सांगितली गेली, तेव्हा कुबातने प्रत्येक वेळी मान खाली घातली. तत्त्व वगैरे काही नव्हतं, लाज होती.

कार्यालयात त्याने रोझा एरकिनोव्नांना सांगून टाकलं. "तेरेक-बुलाकची संमती खरी नाही. दुवा मीच वेळेआधी म्हणायला लावली. एक बाई बोलायची राहिली होती."

"पण सगळ्यांनी हात उघडले ना?"

"दुवेत हात न उघडून माणूस जाईल कुठे?"

"कुबात," त्या म्हणाल्या, "कॅलेंडर छापून झालंय."

त्याने संमती मागे घेत असल्याचं लिहून दिलं आणि पुढच्या सभांमधून त्याचं नाव वगळलं गेलं. त्याला थोडं बरं वाटलं, आणि एवढ्या स्वस्तात बरं वाटलं याचं वाईट वाटलं.

मग जुमाकादिर आतांचा फोन आला.

"काय रे, काय करून गेलास? तिने दस्तरखान आवरलेलंच नाही. म्हणते, ज्याने उघडं टाकलं त्याने येऊन मिटवावं. बाया येतात, विचारतात हे काय, मग बसतात आणि तळलेले बोर्सोक खात बोलत राहतात. त्यांना शोधत नवरे येतात, तेही बसतात. काल सातिम आणि मास्तर कुरणावरून एवढे भांडले की सामोवार लवंडला. वडीलधारा म्हणून मला रोज तिथे बसावं लागतं, कंबर गेली माझी. ये आणि मिटव."

"येतो."

म्हातारा लगेच फोन ठेवेना. "जूनमध्ये तू खुणावलंस तेव्हा," तो म्हणाला, "तिचा हात मलाही दिसला होता. मटणाचा वास आला रे."

या वेळी कुबात फोन न करता गेला, सोबत पीठ, साखर आणि चहा घेऊन. खोली भरलेली होती. कळपवाले डोंगरातून उतरले होते आणि सगळे एकदम बोलत होते.

"तिच्या मेंढ्या मी नेतो, त्यात काय एवढं," सातिम म्हणत होता. "मला कुणी विचारलं असतं तर जूनमध्येच सांगितलं असतं. पण वरचं बर्फ वितळेपर्यंत ठेवू कुठे? माझ्या खाटेवर?" तो कुबातकडे वळला. "काय साहेब, वसंतातही बंद का कुरण?"

"वसंतातही," कुबात म्हणाला. ते वाक्य त्यानेच टाइप केलं होतं.

"बघा."

"मग झऱ्याकडची बाजू तेवढी उघडी ठेवा," मास्तर म्हणाला.

"तिथे तुमची गाय चरते म्हणून?"

सगळे हसले, मास्तर सोडून. मग झऱ्याची बाजू, मग त्या गाईचा स्वभाव, मग जुन्या काळी कुरण कोण कसं राखायचं, यावर परत गलका झाला. कुणी कुबातला काही विचारलं नाही. विचारण्यासारखं त्याच्याकडे काही नव्हतंही. त्याने एक कोपरा धरला.

अंधार पडू लागला तेव्हा जुमाकादिर आतांनी कण्हत पाठ सरळ केली आणि कुबातकडे पाहिलं. त्यांच्या मांडीवरचे तळवे जरासे वर वळलेले होते. खोली शांत झाली.

कुबातने दाराकडे पाहिलं. बुरुलचा सामोवारजवळ बसली होती. तिने हात वर केलेला नव्हता. तिने त्याची वाटी घेतली, अर्धी भरली आणि परत त्याच्यापुढे सरकवली.

"अजून नाही," ती म्हणाली. "झऱ्याचं राहिलंय."

आतांनी तळवे पालथे घातले. "मग निदान एक उशी तरी द्या कुणी," ते म्हणाले.

कुबातने आपल्या पाठीची काढून दिली. आता पाठ भिंतीला टेकली, आणि समोर कॅलेंडर आलं. त्याने नजर वळवली नाही.