संजीवनीच्या भाराचा गूळ

मित्रांनो, मी एक जुना तराजू आहे. भाजीवाल्याच्या हातात लोंबकळणारा फडतूस तराजू नव्हे! आढ्याला टांगलेला, पुरुषभर दांडीचा, एकेका पारड्यात माणूस मांडी घालून बसेल एवढा मोठा. आणि आधीच सांगून टाकतो, मला माणसांचं कौतुक नाही. इतकी वर्षं तोलतोय तुम्हाला, बहुतेक जण माझ्या पासंगालाही पुरले नाहीत.

कळस गावच्या लोहारानं मला घडवलं. भात्यापुढं लाल झालो, ऐरणीवर मार खाल्ला, तेव्हा कुठं सरळ झालो. तुम्ही मार खाऊनही होत नाही, ते जाऊ द्या. मग एका घरानं मला आपल्या गुऱ्हाळात टांगलं. काहिलीतला गूळ थिजला की ढेपा माझ्या पारड्यात बसायच्या आणि माझा काटा मधोमध उभा राहिला की सगळे म्हणायचे, "तराजू असावा तर असा!" समतोल हाच माझा अभिमान. व्यापारी हळूच अंगठा टेकवून दांडी मारायला बघायचे. पुढारी पेढ्यांनी तोलून घ्यायला यायचे. पारड्यात जड, शब्दाला हलके!

पुढं ऊस कारखान्याला जाऊ लागला, गुऱ्हाळ बंद पडलं. बटणाचा काटा आला, सेल संपला की मुका होणारा. माझ्या पारड्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या. यालाच तुम्ही कृतज्ञता म्हणता वाटतं.

आता या घरच्या सुनेचं ऐका. संजीवनी तिचं नाव. अंगानं चांगली भरलेली. लग्नात हीच माणसं म्हणाली होती, "खात्यापित्या घरची हाय!" मूल लवकर होईना, तशी तीच तोंडं फिरली. शेजारची रंगूबाई संजीवनीच्या नवऱ्याला गोठ्यातून ओरडून सांगायची, "दीपक, बायकूला मागं बसवशील तर गाडीचं पुढचं चाक उचलंल रं!" की सगळे फिदीफिदी हसणार. माणसं डोळ्यांनी तोलतात ना, त्या तराजूवर सरकारी शिक्काही नसतो. सगळी दांडी मारलेली!

मग संजीवनीच्या अंगावरून जायला लागलं. महिने गेले, थांबेना. लाजेनं तिनं कुणाला सांगितलं नाही. एक दिवस चक्कर येऊन माझीच साखळी धरून खाली बसली, तेव्हा दीपकनं तिला बारामतीला नेलं. सगळ्या तपासण्या झाल्यावर त्यानं आईला, म्हणजे कुशाबाईंना, माझ्यासमोरच समजावलं.

"आई, हिच्या गर्भाच्या पिशवीचं आतलं अस्तर बिघडलंय. कॅन्सर न्हाय अजून, पण उंबऱ्याशी आलाय. जादा चरबीनं ते अस्तर वाढतंय, म्हणून वजन उतरवायचं. पिशवीत औषध बसवलंय, वजनासाठी आठवड्याला एक सुई हाय, खाणं मापात आन् रोज चालायचं. सहा म्हैन्यांनी परत तपासणार. सुधरलं तर पिशवी ऱ्हाईल, लेकराची आशा ऱ्हाईल. न्हायतर काढावी लागंल."

कुशाबाई रडल्या. रडता रडता त्यांचं लक्ष माझ्याकडं गेलं आणि त्यांनी देवीला हात जोडले. "आई, माझ्या सुनंला बरं कर. तिच्या भारंभार गूळ वाहीन!"

संजीवनी रोज कालव्याच्या कडेनं चालू लागली. सुईनं मळमळायचं, दोन घासांत पोट भरायचं, पण वजन उतरू लागलं. रंगूबाईला तेही बघवेना. "कुशाबाई, सून लई चलाख हाय हां! देवीला गूळ कमी लागावा म्हणून वाळतीया!"

कुशाबाईंच्या मनात ते काट्यासारखं रुतलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तुपानं थबथबलेला शिरा सुनेपुढं ठेवला.

"ही सुई बंद. नवस बोलले तवा जेवढी व्हतीस, तेवढ्याच भाराचा गूळ देवीचा. कमी भरला तर दुखणं उलटंल. नवस फिटू दे, मग वाळ की खुशाल!"

बघा अक्कल! वजन उतरल्याशिवाय गुण नाही, गुण आल्याशिवाय नवस फिटत नाही, आणि नवस फिटल्याशिवाय म्हणे वजन उतरवायचं नाही. घाण्याचा बैलही गोल गोलच फिरतो, पण त्यातून रस तरी निघतो!

त्या आठवड्याची सुई चुकली. पुढची चुकायच्या आत संजीवनी माझ्यापाशी येऊन उभी राहिली.

"आत्याबाई, हिकडं या. दवाखान्यात पहिल्या दिशी माझं जे वजन भरलं, ते मला पाठ हाय. नर्सनं समद्यांसमोर मोठ्यांदा सांगितलं व्हतं, कशी इसरंन? तेवढा गूळ आजच तोला आन् देवीच्या नावानं ठिवून द्या. तिचा गूळ तिला. माझं वजन आता मला मोकळं करा."

"आन् नवसाच्या दिशी तुझं पारडं वर गेलं तर? लोक हसतील गं."

"हसू द्या. मी जाड व्हते तवाबी हसतच व्हते."

कुशाबाई उठल्या. त्यांनी माझ्या पारड्यातल्या कोंबड्या हुसकल्या. दीपकनं ढेपा आणल्या, मी त्या अगदी काटेकोर तोलल्या. गूळ पोत्यांत बांधून ठेवला. त्याच संध्याकाळी चुकलेली सुई टोचली गेली, आणि दुसऱ्या दिवसापासून कालव्यावर दोघी चालू लागल्या, सासू पदर खोचून पुढं!

सहा महिन्यांनी तपासणी झाली. अस्तर सुधारलं होतं. "औषधं आन् चालणं सोडायचं न्हाय, पण पिशवी ऱ्हायली," असं दीपकनं अंगणातूनच आईला ओरडून सांगितलं.

नवसाच्या दिवशी गाव जमलं. एका पारड्यात तो गूळ, दुसऱ्यात संजीवनी. गुळाचं पारडं धाडकन जमिनीला टेकलं आणि संजीवनी वर गेली, पाय हवेत!

"अगं बया, तराजू गंजलाय वाटतं!" रंगूबाई म्हणाली. मला! गंजलाय!

"तराजू बराबर हाय," कुशाबाई कडाडल्या. "जादाचा गूळ म्हंजी माझ्या सुनंनं टाकलेला भार. त्योबी देवीचाच. तू बस की पारड्यात, तुझ्या जिभंचा भार बघू!"

मित्रांनो, माझी विनंती एवढीच: बाईला दुखणं अंगावर काढू देऊ नका, आणि कुणाला डोळ्यांनी तोलू नका, ते काम तुम्हाला येत नाही. जमलंच तर माझ्या साखळ्यांना थोडं तेल घाला. जन्मभर मी सरळ राहण्याचा तोरा मिरवला. त्या दिवशी मात्र भर गावात तिरका लटकलो, आणि वर बसलेली संजीवनी पाय हलवत हसत होती तोवर मला मुळीच सरळ व्हायचं नव्हतं.